घाटावरचा मासा आणि कायद्याचा हात

आष्ट्याला समुद्र नाही. सांगली–इस्लामपूर रस्त्यावरचं, वाळवा तालुक्यातलं हे शहर कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांमधल्या काळ्या जमिनीत वसलेलं आहे. इथला माणूस हळकुंड मोडून त्याची प्रत सांगतो, उसाच्या फडाकडे बघून टनाचा अंदाज बांधतो. पण बांगड्याचा कल्ला उघडून तो किती दिवसांपूर्वी पाण्याबाहेर आला हे सांगणारे इथे थोडेच. कोकणातल्या पोरीबाळी हे घरात शिकतात. घाटावर हे ज्ञान विकणाऱ्याकडेच राहतं आणि घेणारा त्याच्या शब्दावर पैसे मोजतो. म्हणून भेसळीच्या, सडलेल्या किंवा खोट्या नावानं विकलेल्या मासळीविरुद्धचा कायदा बंदरापेक्षा आष्ट्यासारख्या गावाला जास्त हवा. तो इथवर पोहोचतो का, कुठे अडतो आणि का अडतो, हे या लेखात तपासायचं आहे.

समुद्राचा मासा या भागात येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून आंबा घाट चढून कोल्हापूर आणि तिथून सांगली ही एक. चिपळूणहून कुंभार्ली घाटानं कराड ही दुसरी. रत्नागिरी ते कोल्हापूर अंतर साधारण 130 किलोमीटर, म्हणजे एका रात्रीचं. बर्फ नीट असेल तर एवढ्या प्रवासात मासा बिघडण्याचं कारण नाही. अडचण पावसाळ्यात येते. 1 जून ते 31 जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते आणि आखाड नेमका त्याच सुमारास येतो. श्रावण लागण्याआधी सामिष खाऊन घ्यायचं म्हणून सांगली–कोल्हापूरकडे वर्षातली मोठी मागणी आखाडात असते, आणि तेव्हाच आपल्या किनाऱ्यावरच्या बोटी किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या असतात. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिलला सुरू होऊन 14 जूनला संपते. त्यामुळे जुलैत इथल्या बाजारातला ‘ताजा’ समुद्री मासा एकतर शीतगृहातला असतो, नाहीतर बंगालच्या उपसागरातून हजारभर किलोमीटर रस्त्यानं आलेला. शीतगृहातला मासा वाईट असतो असं मुळीच नाही. नीट गोठवलेला मासा तीन दिवस अर्धवट बर्फात भिजलेल्या माशापेक्षा चांगला. पण तो ताजा म्हणून विकला जातो तिथे प्रश्न सुरू होतो.

आता कायदा. मुंबई इलाख्यात 1925 साली भेसळ प्रतिबंधाचा कायदा झाला, देशभरासाठी 1954 चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा आला, आणि तो बाजूला सारून 2006 चा अन्नसुरक्षा व मानके कायदा 5 ऑगस्ट 2011 पासून अंमलात आला. जुन्या कायद्यात भेसळ म्हटली की फौजदारी खटला. नव्या कायद्यानं दोष वेगवेगळे केले. कमी दर्जाचं अन्न विकलं तर कलम 51 खाली 5 लाखांपर्यंत दंड, खोट्या नावानं किंवा फसव्या दाव्यानं विकलं तर कलम 52 खाली 3 लाखांपर्यंत, अस्वच्छ जागेत तयार केलं किंवा हाताळलं तर कलम 56 खाली 1 लाखापर्यंत. हे दंड न्यायनिर्णय अधिकारी लावतो. अन्न ‘असुरक्षित’ ठरलं तरच कलम 59 लागतं आणि प्रकरण न्यायालयात जातं. मृत्यू झाला तर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान 10 लाखांचा दंड अशी तरतूद आहे. कोणाला इजा झालेली नसेल तर आधी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड होता. 2023 च्या जनविश्वास कायद्यानं कैद तीन महिन्यांवर आणली आणि दंड 3 लाखांपर्यंत वाढवला.

शिक्षा कमी आहेत असं मला वाटत नाही. त्या कोणापर्यंत पोहोचतात हा प्रश्न आहे. कलम 18 मधली एक तरतूद मासळीच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे: शेतकरी, मच्छीमार आणि जलशेती यांना हा कायदा लागू नाही. हेतू चांगला आहे. गरीब नाखव्याच्या मागे अन्न निरीक्षक लागू नये हे बरोबरच. पण परिणाम असा की मासा बोटीवर किंवा तळ्यावर असेपर्यंत कायद्याच्या बाहेर असतो आणि व्यापाऱ्याच्या हातात आल्यावर एकदम ‘अन्न’ होतो. बोटीवर बर्फ किती होता, तळ्यात कोणती औषधं टाकली, हे सगळं ज्या टप्प्यावर घडतं तो टप्पाच अन्न निरीक्षकाच्या नजरेपलीकडे राहतो. तिथून पुढच्या साखळीत लिलाव, घाऊक व्यापारी, टेंपोवाला, सांगली किंवा कोल्हापूरचा घाऊक बाजार आणि शेवटी आष्ट्याच्या आठवडा बाजारात थर्माकोलचा खोका घेऊन बसलेला किरकोळ विक्रेता येतो. कायद्याला सगळ्यात सहज सापडतो तो हा शेवटचा.

लोकांच्या मनात मात्र भेसळयुक्त मासा म्हणजे फॉर्मॅलिन. ‘माशी बसत नाही, म्हणजे औषध मारलंय’ हे वाक्य आपल्याकडे कुठल्याही बाजारात ऐकू येतं. ही भीती उगाच आलेली नाही. फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं साधारण 37 ते 40 टक्के फॉर्मल्डिहाइड. वैद्यकीय महाविद्यालयांत मृतदेह टिकवायला तेच वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. अन्नात ते घालायला आपल्याकडे कुठेही परवानगी नाही. केरळमध्ये 2018 च्या जूनमध्ये ‘ऑपरेशन सागर राणी’ मोहिमेत सीमेवरच्या तपासणी नाक्यांवर हजारो किलो मासे पकडले गेले. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं त्याच सुमारास फॉर्मॅलिन आणि अमोनिया ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या तयार केल्या. माशाच्या अंगावर पट्टी घासून वर द्रावणाचे थेंब टाकले की रंग बदलतो. नाक्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला पहिल्यांदाच हातात काहीतरी मिळालं.

मग आलं गोवा, आणि ही गोष्ट सांगली–कोल्हापूरच्या वाचकांनी नीट समजून घ्यावी अशी आहे. 12 जुलै 2018 ला पहाटे मडगावच्या घाऊक मासळी बाजारात गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनानं परराज्यांतून आलेले ट्रक तपासले. जागेवरच्या चाचणीत फॉर्मॅलिन आढळलं. त्याच दिवशी प्रयोगशाळेच्या हवाल्यानं जाहीर झालं की प्रमाण मर्यादेच्या आत आहे. लोकांचा संताप झाला आणि प्रश्न साधा होता: जो पदार्थ अन्नात घालायलाच बंदी आहे, त्याची ‘मर्यादा’ कसली? सरकारनं परराज्यांतल्या मासळीवर काही दिवसांची आयातबंदी घातली. पुढे नोव्हेंबरमध्ये उष्णतारोधक वाहन आणि प्रशासनाकडची नोंदणी सक्तीची केली. त्याचा पहिला फटका बसला तो सिंधुदुर्गातून रोज पहाटे छोट्या गाडीनं गोव्यात मासा नेणाऱ्यांना. हजार किलोमीटरवरून येणाऱ्या मोठ्या ट्रकवाल्याकडे वाहन होतं, कागद होते. सावंतवाडी–वेंगुर्ल्याच्या माणसाकडे चार तासांपूर्वी पकडलेला मासा होता आणि कागद नव्हता. सीमेवर ताण वाढला, दोन्हीकडचे राजकारणी उतरले आणि शेवटी लहान वाहनांना सवलती द्याव्या लागल्या.

गोव्यातल्या त्या ‘मर्यादे’चा प्रश्न विज्ञानाच्या बाजूनं वाटतो तितका सरळ नाही. समुद्री माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं संयुग मुळातच असतं. मासा मेल्यावर ते फुटतं आणि काही जातींत त्यातून फॉर्मल्डिहाइड तयार होतं. हे सर्वांत जास्त घडतं ते आपल्या बोंबलात आणि त्याच्या जवळच्या जातींत. म्हणून भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानं 2019 मध्ये नैसर्गिकरीत्या आढळणाऱ्या फॉर्मल्डिहाइडसाठी माशांचे तीन गट केले. पहिल्या दोन गटांत किलोमागे 4 आणि 8 मिलिग्रॅम, आणि बोंबलासारख्या माशांच्या गटात 100 मिलिग्रॅम. म्हणजे पट्टीनं बोंबलावर रंग दाखवला म्हणून विक्रेत्यानं गुन्हा केला असं होत नाही. आणि सुरमईवर तोच रंग आला तर मात्र बारकाईनं बघावं लागतं. ही समज तपासणाऱ्याला हवी, नाहीतर निर्दोष माणूस भरडला जातो. बांगलादेशात 2014 च्या सुमारास हवेतलं फॉर्मल्डिहाइड मोजण्याचं यंत्र आंब्यांवर धरून ट्रकच्या ट्रक फळं नष्ट केली गेली. नंतर त्या यंत्राच्याच भरवशावर न्यायालयात प्रश्न उभा राहिला. त्याच देशानं 2015 मध्ये फॉर्मॅलिनची आयात, साठा आणि विक्री यांवर स्वतंत्र नियंत्रण कायदा केला. मला तो विचार योग्य वाटतो: माशात फॉर्मॅलिन शोधत बसण्यापेक्षा फॉर्मॅलिनचा कॅन कोणी, कशासाठी, किती घेतला याची नोंद ठेवणं जास्त सोपं.

फॉर्मॅलिनवर एवढं लिहिलं तरी आष्ट्यात मासे खाणाऱ्याला त्याच्याहून जास्त धोका दुसऱ्याच गोष्टीपासून आहे असं माझं मत आहे. ती म्हणजे ऊन. बांगडा, कुपा, तारली, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. थंडावा तुटला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. एकदा झालेलं हिस्टामिन तळून, उकळून, परत बर्फात ठेवून जात नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, छाती धडधडते. घरचे म्हणतात ‘मासा बाधला’, डॉक्टर ॲलर्जीची गोळी देतो, आणि गोष्ट तिथेच संपते. तक्रार होत नाही, नमुना घेतला जात नाही. हिस्टामिनसाठी प्राधिकरणाचा मापदंड आहे: नऊ नमुन्यांतले जास्तीत जास्त दोन किलोमागे 100 ते 200 मिलिग्रॅमच्या दरम्यान चालतात, 200 च्या वर एकही नाही. पण या मापदंडावर तालुक्याच्या बाजारात कारवाई झाल्याचं माझ्या तरी वाचनात किंवा ऐकण्यात नाही. फॉर्मॅलिनची बातमी होते. उन्हात तापलेल्या बांगड्याची होत नाही.

हिस्टामिनचं सगळं उत्तर बर्फात आहे. मासळीचा जाणता व्यापारी किलोला किलो बर्फ घालतो. घाट चढताना वितळलेला बर्फ कोल्हापुरात पुन्हा भरायचा असतो. तो भरला नाही, आणि पुढे किरकोळ विक्रेत्यानं दुपारी उरलेला माल दुसऱ्या दिवशी परत काढला, तर कुठलंही रसायन न घालता मासा विषारी होतो. बर्फाचाही स्वतंत्र प्रश्न आहे. अन्नाला लागणारा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असावा असं परवान्याच्या नियमांतलं चौथं परिशिष्ट सांगतं. 2018 मध्ये सरबत–उसाच्या रसाच्या गाड्यांवर कारखान्याचा अखाद्य बर्फ वापरला जातो म्हणून राज्यात ओरड झाली आणि खाण्याचा नसलेला बर्फ निळ्या रंगाचा करण्याचा आदेश निघाला. त्या निळ्या बर्फाचा उपयोग नाशवंत माल टिकवण्यासाठी आणि वाहतुकीसाठी गृहीत धरला होता. नाशवंत मालात मासा पहिला. मग माशाला थेट चिकटलेला बर्फ कोणत्या पाण्याचा, हा प्रश्न बाजारात कोणी विचारत नाही. आखाडात अन्न निरीक्षक आष्ट्यात आला, तर त्यानं माशाआधी बर्फ बघावा असं मला वाटतं.

कायद्यात यासाठी जागा आहे का? आहे. ‘असुरक्षित अन्ना’च्या व्याख्येत घाणेरडा, कुजलेला, सडलेला किंवा रोगट प्राणिज पदार्थ असलेलं अन्न स्पष्टपणे येतं. फॉर्मॅलिन सिद्ध करायची गरज नाही. कलम 38 खाली अधिकारी माल जप्त करू शकतो आणि तो खाण्याजोगा नसेल तर लेखी नोटीस देऊन नष्टही करू शकतो. मग तो का करत नाही? एक कारण म्हणजे त्याच्या मागे लागलेलं कलम 39. आकसानं, वाजवी कारण नसताना जप्ती केली असं ठरलं तर अधिकाऱ्यालाच 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ही तरतूद व्यापाऱ्याच्या संरक्षणासाठी आवश्यक आहे. तरीही सकाळी नऊ वाजता भर बाजारात, भोवती गर्दी, हातात थर्मामीटर नाही, अशा स्थितीत उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या मनात ती असणारच.

दुसरं कारण नमुन्याचं. कलम 47 प्रमाणे नमुन्याचे चार भाग करायचे. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे आणि चौथा, विक्रेत्यानं मागणी केली तर, त्याच्या खर्चानं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवस आहेत. विक्रेत्याला अहवालाविरुद्ध अपिलासाठी 30 दिवस. मसाला किंवा तेल असेल तर ही मुदत योग्यच आहे. मासा या मुदतीत टिकत नाही. दुधाच्या नमुन्यात टिकवण्यासाठी थोडं फॉर्मॅलिन टाकण्याची पद्धत नियमांतच आहे. माशाच्या नमुन्यात, जिथे फॉर्मॅलिनच शोधायचं आहे, ते अर्थातच चालत नाही. म्हणून नमुना गोठवून, साखळी तुटू न देता प्रयोगशाळेपर्यंत न्यावा लागतो. सांगलीहून पुण्यापर्यंत हे सांभाळण्यासाठी गोठवणपेटी, गाडी, माणूस, सगळं लागतं. एक नमुना उशिरा पोहोचला किंवा वितळला की बचाव पक्षाचा वकील तिथेच बोट ठेवतो. हिस्टामिनसाठी तर नऊ नमुने लागतात आणि चार भागांची पद्धत त्याच्याशी जुळत नाही. कागदी पट्टीचा निकाल जागेवर मिळतो, पण तो संशयापुरता. शिक्षेसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच अहवाल लागतो.

तिसरी गोष्ट पोलिसांची. गावात काही झालं की लोक आधी पोलीस ठाण्यात जातात. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 272 आणि 273 खाली भेसळीचा गुन्हा नोंदवला जाई. सर्वोच्च न्यायालयानं 21 फेब्रुवारी 2024 ला राम नाथ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात स्पष्ट केलं की जिथे अन्नसुरक्षा कायद्याचं कलम 59 लागू होतं तिथे दंड संहितेची ही कलमं लावता येत नाहीत, कारण कलम 89 प्रमाणे विशेष कायदा वरचढ ठरतो. आता दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली असली तरी त्या कलमांच्या जागी आलेल्या 274 आणि 275 ला हाच तर्क लागू पडेल असं दिसतं. कायदेशीरदृष्ट्या निकाल योग्य आहे, एकाच कृत्यासाठी दोन कायद्यांनी माणसाला ओढू नये. पण व्यवहारात याचा अर्थ असा की आष्ट्यातल्या माशाची जबाबदारी पूर्णपणे सांगलीतल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयावर येते. त्या कार्यालयाला शिराळ्यापासून जतपर्यंतचा सगळा जिल्हा बघायचा असतो: दूध, मावा, तेल, मिठाई, हॉटेलं, गुटखा. मासळी त्या यादीत खूप खाली येते.

या सगळ्यावर माझ्या मते एकच उपाय आहे आणि तो नवा कायदा नाही. तो म्हणजे पावती. कलम 26 मध्ये लिहिलं आहे की कुठल्याही व्यावसायिकानं पुढच्या विक्रेत्याला माल विकताना त्याच्या स्वरूपाची आणि दर्जाची लेखी हमी दिली पाहिजे, आणि बिल किंवा कॅश मेमो हीच हमी मानली जाईल. कलम 27 सांगतं की ज्या मालाचा पुरवठादार विक्रेत्याला दाखवता येत नाही त्या मालाची जबाबदारी विक्रेत्याची. ही दोन कलमं एकत्र वाचली की चित्र स्पष्ट होतं. मिरकरवाड्याच्या लिलावात बोली तोंडी होते, वहीत आकडे पडतात, चिठ्ठी मिळाली तर मिळाली. कोल्हापूर–सांगलीच्या घाऊक बाजारात बहुतेक व्यवहार रोखीचा. आष्ट्याच्या विक्रेत्याकडे आलेल्या खोक्यावर ना बंदराचं नाव, ना तारीख, ना परवाना क्रमांक. मासा खराब निघाला तर कायदा मागे सरकत सरकत खऱ्या गुन्हेगारापर्यंत जाऊच शकत नाही. तो पावती नसलेल्या माणसापाशी येऊन थांबतो. बाजारात बसलेल्या बाईच्या हातातली एक साधी पावती तिला वाचवते आणि त्याच वेळी वरच्या व्यापाऱ्याला पकडून देते. म्हणून पावतीची सक्ती लहान विक्रेत्याच्या हिताची आहे, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवं. परवाना–नोंदणीच्या 2011 च्या नियमांत वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यासाठी फक्त नोंदणी आणि तीही वर्षाला 100 रुपयांत ठेवली होती. आडकाठी पैशाची नव्हतीच.

युरोपात 2002 च्या अन्न कायद्यानं प्रत्येक टप्प्यावर ‘कोणाकडून घेतलं आणि कोणाला दिलं’ एवढं लिहून ठेवणं बंधनकारक केलं. आपल्याच देशात निर्यातीसाठी हे नीट चालतं. 1997 च्या ऑगस्टमध्ये युरोपनं अस्वच्छता आणि जिवाणूंच्या कारणावरून भारतीय मासळी थांबवली आणि पाहता पाहता निर्यातीचे कारखाने सुधारले, प्रत्येक खेपेची नोंद होऊ लागली, तळ्यांमधल्या प्रतिजैविकांच्या अवशेषांवर सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाची वार्षिक तपासणी सुरू झाली. रत्नागिरीतून युरोपला जाणाऱ्या कोळंबीच्या मागे कागदांची फाईल असते. त्याच बंदरातून घाट चढून आष्ट्याला येणाऱ्या कोळंबीच्या मागे काहीच नसतं. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

नावाच्या फसवणुकीबद्दल थोडक्यात. रूपचंद हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आंध्रच्या तळ्यांत वाढवलेला, चपट्या अंगाचा मासा घाटावर सर्रास ‘पापलेट’ म्हणून विकला जातो. सप्टेंबर 2023 मध्ये राज्यानं रुपेरी पापलेटाला राज्य मासा जाहीर केलं. त्याच पापलेटाच्या नावाखाली दुसरा मासा विकणं म्हणजे दुसऱ्या अन्नपदार्थाचं नाव लावून विकणं, आणि ते कलम 52 मध्ये थेट बसतं. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, चार भागांचा नमुना लागत नाही. दोन माशांचे फोटो आणि एक नजर पुरे. रूपचंद वाईट नाही, स्वस्त प्रथिन म्हणून तो उत्तमच आहे, फक्त त्याच्याच नावानं आणि त्याच्याच भावानं विकला जावा. अशा दहा कारवाया झाल्या तर बाजाराला कळेल की कोणीतरी बघतंय.

गोड्या पाण्याचा मासा हा आष्ट्याच्या बाबतीत खरा स्थानिक प्रश्न आहे आणि तो अन्न खात्याच्या हद्दीबाहेर सांडतो. आफ्रिकन मागूर, ज्याला लोक थाई मांगूर म्हणतात, त्याच्या संवर्धनावर केंद्र सरकारनं 2000 सालीच बंदी घातली, कारण तो स्थानिक मासे खाऊन टाकतो आणि बऱ्याचदा कत्तलखान्याच्या, कोंबड्यांच्या टाकाऊ मालावर वाढवला जातो. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर राज्याच्या मत्स्य विभागानं ठिकठिकाणी तळी नष्ट केली, तरीही तो बाजारात येतच राहिला. आणि मग आपली कृष्णा. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या आसपास नदीत मेलेल्या माशांचा खच पडला होता. प्रदूषणावर प्रदूषण नियंत्रण मंडळ बघतं, माशांवर मत्स्य विभाग, आणि बाजारात आलेल्या माशावर अन्न व औषध प्रशासन. विषारी पाण्यात गुदमरून मेलेला मासा दुसऱ्या दिवशी बाजारात गेला तर तो कोणी थांबवायचा, याचं उत्तर या तिघांच्या मधल्या जागेत हरवतं. माझ्या मते असा प्रसंग घडला की जिल्हाधिकाऱ्यांनी नदीच्या त्या पट्ट्यातल्या माशाच्या विक्रीवर त्याच दिवशी बंदी घालून नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना कळवणं ही नेहमीची पद्धत व्हायला हवी. त्यासाठी राज्याच्या अन्नसुरक्षा आयुक्तांना कलम 30 खाली धोकादायक अन्नाची विक्री काही काळ थांबवण्याचे अधिकार आहेतच.

नगरपालिकेची भूमिका आज विसरली गेली आहे. 1954 च्या कायद्याच्या काळात स्थानिक संस्थांच्या आरोग्य खात्याचा अन्नावर हात असे. आता तो हात काढून घेतला आहे, पण बाजार भरवणं, ओटे बांधणं, पाणी आणि गटार देणं हे 1965 च्या नगरपरिषद कायद्यानुसार अजून नगरपरिषदेचंच काम आहे. आष्ट्यात मासे विकणाऱ्यांना सावलीचा ओटा, वाहतं पाणी, वितळलेल्या बर्फाला निचरा आणि बाजाराच्या तोंडाशी फलकावर त्या दिवशीचा मासा कुठल्या बंदरातून आला याची नोंद, एवढं दिलं तर अन्न निरीक्षकाचं निम्मं काम सोपं होईल. पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेत 2020 पासून बर्फाच्या पेटीसह मोटारसायकल, उष्णतारोधक वाहनं, बर्फ कारखाने यांना अनुदान आहे. महिला आणि अनुसूचित जाती–जमातींच्या लाभार्थ्यांना 60 टक्क्यांपर्यंत. उन्हात थर्माकोलचा फुटका खोका घेऊन बसणाऱ्या बाईला दंडाची नोटीस देण्याआधी ही माहिती तिच्यापर्यंत गेली का, हे विचारलं पाहिजे. कलम 69 मध्ये लहान विक्रेत्यांसाठी तडजोडीनं प्रकरण मिटवण्याची सोय ठेवली आहे ती याच जाणिवेतून.

घेणाऱ्यासाठी कलम 40 आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. ग्राहक स्वतः घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडे फी भरून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच की घेताना विक्रेत्याला तसं सांगायचं. दोष निघाला तर फी परत मिळते. एकट्यादुकट्या कुटुंबाला हे झेपणार नाही. पण आष्ट्यातला एखादा बचतगट, खानावळवाल्यांचा गट किंवा महाविद्यालयाचा विज्ञान विभाग आखाडाच्या पहिल्या आठवड्यात सुरमई आणि बांगड्याचे चार नमुने बर्फात घालून रीतसर पाठवू शकतो, आणि सोबत एक प्रश्न सांगलीच्या कार्यालयाला लेखी विचारू शकतो: या जिल्ह्यात गेल्या वर्षभरात मासळीचे किती नमुने घेतले, त्यांतले किती हिस्टामिनसाठी तपासले आणि किती घाऊक व्यापाऱ्यांकडे मागच्या खरेदीची पावती मागितली. माहिती अधिकारात त्याचं उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.